पुराची पातळी मोजतो. साथीची कोण मोजणार?

आषाढ लागला आणि राधानगरीच्या पाणलोटात पावसाने जोर धरला, की कोल्हापुरात जो तो एकच प्रश्न विचारू लागतो : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेले? ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे येथील शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. पातळी मोजणारा माणूस पूर अडवू शकत नाही, हे सर्वांस ठाऊक असते. तथापि त्याच्या एका आकड्यावर चिखली-आंबेवाडीची माणसे जनावरांसह सुरक्षित जागी निघतात, दुकानदार माल वरच्या मजल्यावर चढवितो आणि सरकारी यंत्रणा नावा सज्ज ठेवते. वेळेवर आलेले ज्ञान संकट टाळीत नसले, तरी त्या संकटाची किंमत कमी करते, हा धडा पंचगंगेने आपल्याला २०१९ मध्ये व पुन्हा २०२१ मध्ये पुरेसा कठोरपणे दिला आहे.

साथीच्या रोगालाही अशीच एक पातळी असते आणि ती मोजण्याचे साधन आता शास्त्राच्या हाती आले आहे. कोरोनाच्या विषाणूचे जनुकीय क्रमनिर्धारण हे ते साधन होय. २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत हा अवघड शब्द वृत्तपत्रांतून इतक्या वेळा छापला गेला की तो सर्वांच्या परिचयाचा झाला. परंतु परिचय म्हणजे आकलन नव्हे. या साधनाने आपल्याला काय दिले, काय देता आले असते आणि कोल्हापुरासारख्या जिल्ह्याला त्याचा लाभ पुढे कसा मिळावा, याचा विचार साथ अंगावर आलेली असताना शांतपणे होत नाही. तो आजच व्हावयास हवा.

क्रमनिर्धारण म्हणजे काय, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण पुरेशी आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना तेथील पंडितांनी १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली. १९१९ साली आरंभलेले ते काम १९६६ साली पुरे झाले. त्यामागचे तत्त्व सोपे होते. पोथी नकलून काढणाऱ्या लेखनिकाच्या हातून चूक होते. त्या पोथीवरून पुढे ज्या प्रती निघतात, त्यांत तीच चूक उतरते. आणि म्हणून समान चुका असलेल्या पोथ्या एका घराण्याच्या, असे ठरविता येते. विषाणूचेही नेमके तसेच आहे. कोरोनाच्या विषाणूची पोथी सुमारे ३०,००० अक्षरांची, आणि ती अवघ्या चार अक्षरांच्या वर्णमालेत लिहिलेली. माणसाच्या शरीरात शिरल्यावर तो स्वतःच्या असंख्य नकला काढतो आणि त्यांत चुका होतात. संसर्गाच्या एका साखळीत सरासरीने महिन्याला दोनेक चुका टिकून राहतात. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. एखादीच अशी निघते, की तीमुळे विषाणू अधिक वेगाने पसरतो किंवा लसीने व पूर्वीच्या आजाराने शरीराला दिलेली ओळख चुकवितो. रुग्णाच्या नमुन्यातील ही पोथी अक्षर न् अक्षर वाचावयाची, ती इतरांशी ताडून पाहावयाची आणि कोणते घराणे वाढत आहे, कोणते लोपत आहे, हे सांगावयाचे. क्रमनिर्धारण ते हेच.

हे ज्ञान पूर्वजांपाशी नव्हते. १९१८ साली मुंबई बंदरातून जी साथ देशभर पसरली आणि जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत, तिची उन्हाळ्यातील पहिली लाट तुलनेने सौम्य होती. पावसाळा सरता सरता आलेली दुसरी लाट मात्र भीषण ठरली. भारतात एक कोटीहून अधिक माणसे तीत दगावली, असे अभ्यासकांचे अंदाज आहेत. दोन लाटांच्या मधल्या काळात रोगाचे बीज बदलले की काय, हे पाहण्याचा कोणताही मार्ग त्या वेळी नव्हता. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणूच मुळी १९३३ साली सापडला, आणि १९१८ च्या त्या विषाणूची संपूर्ण पोथी वाचून व्हावयास २००५ साल उजाडले. उलट कोरोनाची पहिली पोथी जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात, रोगाला नाव मिळण्यापूर्वीच, जगापुढे ठेवली गेली. चाचण्यांची व लसींची कामे तिच्याच आधाराने सुरू झाली. जे समजावयास पूर्वी सत्त्याऐंशी वर्षे लागली, ते आता काही दिवसांत समजले. एवढी मोठी झेप घेतलेल्या पिढीने त्या झेपेचा उपयोग कितपत केला, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर महाराष्ट्राच्या अनुभवात शोधले पाहिजे, कारण पुढे ज्याला 'डेल्टा' हे नाव मिळाले व ज्याने साऱ्या जगाला ग्रासले, त्या विषाणूच्या घराण्याच्या आरंभीच्या खुणा आपल्याच राज्यात आढळल्या. बी.१.६१७ या घराण्याची पहिली नोंद ऑक्टोबर २०२० मधील भारतीय नमुन्यांत आहे. देशातील दहा प्रयोगशाळांना एकत्र आणणारा 'इन्साकॉग' हा संघ डिसेंबर २०२० च्या अखेरीस स्थापन झाला. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र या दोन संस्था त्यात आरंभापासून होत्या. बाधितांपैकी शंभरांत पाच नमुने वाचावयाचे, असा संकल्प होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्याकडे रुग्ण एकाएकी वाढू लागले. २४ मार्च रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले, की महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन लक्षणीय बदल एकत्र आढळत आहेत. परंतु रुग्णवाढीशी त्यांचा थेट संबंध जोडण्याइतकी संख्या हाती नाही, अशी पुस्तीही त्याच निवेदनात होती. त्यानंतर सहा आठवड्यांत देशातील एका दिवसाची रुग्णसंख्या चार लाखांवर गेली. प्राणवायूसाठी माणसे दारोदार फिरली. जागतिक आरोग्य संघटनेने या घराण्याला चिंताजनक ठरविले ते मे महिन्यात.

'संख्या हाती नाही' हे शब्द वाचकांनी नीट लक्षात घ्यावेत. २४ मार्चपर्यंत राज्यांकडून संघाकडे आलेले व वाचले गेलेले नमुने होते १०,७८७. संघाच्या स्थापनेपासून त्या दिवसापर्यंत देशात सुमारे पंधरा लाख नवे रुग्ण नोंदले गेले होते. म्हणजे पाच टक्क्यांचा संकल्प, आणि पदरी पडला एक टक्क्याहूनही कमी भाग. शास्त्रज्ञ कमी पडले, असे कोणी म्हणू नये. पोथी वाचणारे विद्वान होते, यंत्रे होती. नव्हता तो जिल्ह्याजिल्ह्यातून अखंड वाहणारा नमुन्यांचा ओघ आणि वाचलेले लगोलग सांगण्याची शिस्त. ज्या विषाणूच्या खुणा ऑक्टोबरातील नमुन्यांत होत्या, त्याच्याविषयीचा इशारा मार्चअखेर मिळावा आणि तोही साशंक शब्दांत, हे त्या उणिवेचे फळ होय.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. २०२१ च्या जून-जुलै महिन्यांत राज्याच्या पुष्कळशा भागांत दुसरी लाट ओसरली, परंतु कोल्हापुरात ती हटता हटेना. महाद्वार रोड, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी येथील दुकाने बंद राहिली आणि व्यापारी वर्ग आंदोलनाला उतरला. ऑगस्टच्या आरंभी राज्य शासनाने २२ जिल्ह्यांतील निर्बंध सैल केले, तेव्हा ज्या अकरा जिल्ह्यांना ती सवलत मिळाली नाही, त्यांत कोल्हापूर, सांगली, सातारा आणि शेजारचे सिंधुदुर्ग व रत्नागिरी ही होती. त्यातच जुलैअखेर महापूर आला आणि अंतर राखून राहा म्हणून ज्यांना सांगितले होते, त्यांनाच निवाऱ्याच्या एका छपराखाली दाटीने राहावे लागले. येथेच रोग का रेंगाळला? विषाणूचे रूप वेगळे होते, की तेच रूप येथे उशिरा पोचले? महामार्गावरची ये-जा कारण होती, की चाचण्या अधिक झाल्याने आकडे अधिक दिसत होते? तर्क पुष्कळ झाले. जिल्ह्यातील नमुन्यांच्या वाचनावर आधारलेले निश्चित उत्तर मात्र ज्या आठवड्यात हवे होते, त्या आठवड्यात सामान्य नागरिकापाशी नव्हते. दुकान बंद ठेवणाऱ्याला 'का' हे समजले नाही, तर तो निर्बंध पाळतो तो भीतीने, पटल्यामुळे नव्हे. आणि भीती फार दिवस टिकत नाही.

राज्याने मे २०२१ पासून प्रत्येक जिल्ह्यातून दरमहा शंभर नमुने क्रमनिर्धारणासाठी पाठविण्याचा क्रम सुरू केला होता, हे नमूद करणे न्यायाचे आहे. त्याचा उपयोगही दिसला. जूनमध्ये सुमारे ७,५०० नमुन्यांतून 'डेल्टा प्लस'चे २१ रुग्ण सापडले, त्यांतील ९ रत्नागिरीचे व ७ जळगावचे. परंतु याच प्रकरणाने दुसरा एक धडाही दिला. 'प्लस' या एका अक्षराने महाराष्ट्राच्या पोटात गोळा उठला. तिसरी लाट हीच आणणार, अशी भाकिते झाली. प्रत्यक्षात त्या रूपाने मूळ डेल्टाला मागे सारले नाही आणि त्याची लाटही आली नाही. विषाणूचा पाठ बदलला आहे, एवढेच पोथी सांगते. तो बदल माणसाला किती बाधेल, हे रुग्णालयातील नोंदी सांगतात. कोणाला प्राणवायू लागला, कोणाची लस झाली होती, कोणाला आधी आजार होता, ही माहिती नमुन्याशी जोडली गेली नाही, तर क्रमनिर्धारण म्हणजे पत्त्याविना आलेले पत्र ठरते. म्हणून यंत्र विकत घेतले की काम झाले, ही समजूत आम्हांला मान्य नाही.

खरे सांगणाऱ्याचे काय होते, हाही प्रश्न येथेच विचारात घेतला पाहिजे. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी तीसहून अधिक बदल टोकदार प्रथिनात वागविणारे नवे रूप ओळखले आणि क्षणाचाही विलंब न लावता जगाला कळविले. जगाने आभार मानले आणि दुसऱ्या दिवसापासून त्या देशाची विमाने बंद केली. ते रूप म्हणजे ओमायक्रॉन. २ डिसेंबरला ते कर्नाटकात व ४ डिसेंबरला डोंबिवलीत आढळले. म्हणजे दारे लावून ते थांबले नाही, सावध करणाऱ्याला शिक्षा मात्र झाली. देशांच्या नावाने विषाणू ओळखले जाऊ नयेत, म्हणून ग्रीक अक्षरे वापरण्याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२१ अखेर घेतला होता, तो याच जाणिवेतून. जिल्ह्याजिल्ह्यांचेही असेच आहे. 'अमुक जिल्ह्यात नवा विषाणू' असा मथळा झळकला की तेथील माणसाकडे संशयाने पाहिले जाते. कोगनोळीच्या नाक्यावर चाचणीचा दाखला हातात धरून उभे राहण्याचा अनुभव कोल्हापूरकरांनी घेतला आहे. म्हणून अधिकाऱ्यांना लपविण्याचा मोह होतो. परंतु ज्या जिल्ह्यात विषाणू सापडला, तो जिल्हा दोषी नसून दक्ष आहे, एवढा विवेक शासनाने, वृत्तपत्रांनी आणि वाचकांनी बाळगावयास हवा.

कोणी म्हणेल, साथ संपली. आता हे कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, हे खरे. विषाणू संपल्याचे मात्र तिने म्हटले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'जेएन.१' या रूपाचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण आढळला तो आपल्या घाटाखालच्या सिंधुदुर्गात. २०२५ च्या मे-जूनमध्ये त्याच कुळातील नव्या रूपांमुळे देशात पुन्हा रुग्ण वाढले. सुदैवाने आजार बहुधा सौम्य राहिला. परंतु सौम्य आजाराच्या काळात कोणी चाचणी करून घेत नाही आणि चाचणीच नाही तर वाचावयास नमुनाही नाही. नदी पात्रात असताना मोजपट्टी उपटून ठेवावी आणि पूर आल्यावर शोधत फिरावे, असा हा प्रकार होतो.

या अडचणीतून वाट काढणारी एक पद्धत पुण्याने अनुभवली आहे. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने व तिच्या सहकाऱ्यांनी शहराच्या सांडपाण्यातून कोरोनाच्या विषाणूचा माग काढला. बाधित माणसाच्या विष्ठेतून विषाणूचे अंश जातात. त्याला लक्षणे असोत वा नसोत, त्याने चाचणी करून घेतलेली असो वा नसो. पोलिओचा पाठलाग करताना मुंबईच्या गटारांतील नमुने २००१ पासून असेच तपासले जात आले आहेत. कोल्हापुरात यासाठी काही नवे बांधावे लागणार नाही. ज्या जयंती नाल्याचे नाव आपण केवळ पंचगंगेच्या प्रदूषणासंबंधी घेतो, त्याचे पाणी शहराच्या आरोग्याची रोजची बातमी घेऊन वाहत असते. कसबा बावड्याचे ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे आणि दुधाळीचे १७ दशलक्ष लिटर क्षमतेचे अशी दोन प्रक्रिया केंद्रे आपल्यापाशी आहेत. त्यांच्या तोंडाशी आठवड्यातून एकदा बाटली भरली, तरी लक्षावधी नागरिकांचा नमुना एका वेळी हाती येतो.

खर्चाचा आक्षेप निघेल. ज्या जिल्ह्यात गावोगावच्या आरोग्य केंद्रांत डॉक्टर पुरेसे नाहीत, तेथे विषाणूंच्या पोथ्या वाचण्यावर पैसा का घालवावा, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न अवाजवी नाही. परंतु हे साधन कोरोनापुरते नाही. क्षयाचा जंतू कोणत्या औषधाला दाद देणार नाही, डेंग्यूच्या चार प्रकारांपैकी कोणता यंदा फिरत आहे, स्वाइन फ्लूचे रूप बदलले काय, या साऱ्या प्रश्नांना याच मार्गाने उत्तर मिळते. इचलकरंजीने २०१२ साली दूषित पाण्यातून पसरलेल्या काविळीची साथ सोसली आहे; सांडपाण्यावर व पिण्याच्या पाण्यावर सतत नजर असती तर काय वाचले असते, हे तेथील कुटुंबांना सांगावयास नको. एक महिना बाजारपेठ बंद राहिल्याने होणाऱ्या हानीपुढे आठवड्याच्या काही नमुन्यांचा खर्च फार नाही, हे हिशेब जाणणाऱ्या या शहराला पटावे.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जीवशास्त्राचे विभाग चालविणारे शिवाजी विद्यापीठ यांनी एकत्र येऊन जिल्ह्यासाठी रोगबीजांच्या पाहणीचा एक कायमचा विभाग उभारावा. थोरल्या दवाखान्यात व इचलकरंजीच्या इंदिरा गांधी रुग्णालयात श्वसनाच्या गंभीर आजाराने दाखल होणाऱ्या रुग्णांचे काही नमुने, साथ असो वा नसो, दर आठवड्याला वाचले जावेत आणि त्यांना रुग्णाचे नाव वगळून आजाराची माहिती जोडलेली असावी. महापालिकेने सांडपाण्याचे नमुने द्यावेत. क्रमनिर्धारण येथे होवो वा पुण्यात. नमुना पाठविल्यापासून ठरावीक दिवसांच्या आत त्याचे उत्तर जिल्ह्यात परत यावे, ही अट मात्र लेखी असावी. मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात ऑगस्ट २०२१ मध्ये जी यंत्रे बसली, ती एका वेळी ३८४ नमुने चार दिवसांत वाचू शकत होती. तेव्हा वेळ लागतो ही सबब आता चालणार नाही. आणि शेवटची गोष्ट, हे उत्तर फायलीत न राहता पाण्याच्या पातळीप्रमाणे सोप्या मराठीत जाहीर व्हावे. आठवड्यातून चार ओळी पुरेत : काय आढळले, ते वाढत आहे की घटत आहे आणि नागरिकांनी काय करावे.

प्लेगने गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर करवीर संस्थानात पाऊल टाकले, तेव्हा त्याचा जंतू सापडून जेमतेम काही वर्षे झाली होती आणि उंदरावरील पिसवांमार्फत तो माणसाला होतो, हे सर्वमान्य व्हावयाचे होते. तेवढ्या तुटपुंज्या ज्ञानावर शाहू महाराजांनी लोकांना वस्ती सोडून मोकळ्या माळावर राहावयास लावले, कारण हाती असलेले ज्ञान तत्काळ वापरणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे, असे ते मानीत. आज ज्ञान तुटपुंजे नाही. विषाणूचे प्रत्येक अक्षर आपल्याला वाचता येते. उणीव आहे ती वाचण्याचे सातत्य राखण्याची आणि वाचलेले वेळेवर सांगण्याची. ही उणीव दूर करणे कोणा परदेशी संशोधकाच्या नव्हे, तर येथील लोकप्रतिनिधींच्या, विद्यापीठाच्या, महापालिकेच्या आणि त्यांना जाब विचारणाऱ्या नागरिकांच्या हाती आहे. जिल्हा नियोजनाचा पुढचा आराखडा मंजूर होईल, तेव्हा त्यात या कामासाठी एक ओळ आहे की नाही, हे प्रत्येक सुजाण कोल्हापूरकराने पाहावे आणि नसल्यास ती का नाही, असे उघडपणे विचारावे.